बिनपायडलची लाकडी सायकल

नागपूरच्या एका जुन्या वस्तूंच्या जाणकाराने मला फसवलं. त्याच्या चार दिवस आधी मी जंगलातल्या एका म्हाताऱ्या बाईला फसवलं होतं. मी फसवतोय हे मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. आमच्या दोघांत फरक असलाच तर एवढाच आहे, आणि तो मी सोडणार नाही.

त्यातही त्याने मला खोटं सांगून फसवलं नाही, खरं सांगून फसवलं. बाजारात घासाघीस करण्यात माझी उमर गेली, पण असा प्रकार मी दुसरा पाहिला नाही.

माझे अब्बा वरोऱ्याला कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. मला त्या कापसाचा खोकला लागला म्हणून मी सायकलीत शिरलो. आरमोरीला आलो तेव्हा माझ्याजवळ एक पंप, एक पाण्याचं घमेलं, नट खोलायचे चार पाने आणि पंक्चरचं सोल्युशन एवढंच होतं. बाजाराच्या रस्त्याला चिंचेखाली बसायचो. नव्वद साल उलटेपर्यंत त्याच जागेसमोर माझं पत्र्याचं दुकान झालं आणि दारात नव्या सायकली उभ्या राहिल्या. धानाचं पोतं असो, मास्तर असो, नवी नवरी असो, त्या वेळी सगळं सायकलवरूनच जायचं. मी कुणाचं बुडवलं नाही आणि कुणाला फुकट काही दिलंही नाही. रागाचं म्हणाल तर एका गिऱ्हाईकाने माझ्या हातच्या ब्रेकला नाव ठेवलं, तेव्हा मी त्याची सायकल तिथंच पूर्ण खोलली आणि सगळे भाग त्याच्याच पिशवीत भरून त्याला घरी पाठवलं.

दुकानात माझ्या गल्ल्यामागे एक तक्ता होता. सायकलीच्या ठोक व्यापाऱ्याने वाटलेला, हिंदीतला. सायकल कशी कशी होत गेली त्याची चित्रं एका ओळीत काढलेली. पहिलं चित्र लाकडी गाड्याचं. दोन चाकं, मध्ये फळी, पुढे वळवायचा दांडा. पायडल नाही, चेन नाही. माणूस फळीवर बसून पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जायचा. पुढच्या चित्रात कुणीतरी फ्रान्समध्ये पुढच्या चाकालाच पायडल लावले. ती गाडी इतकी आदळायची की लोक तिला हाडं खिळखिळी करणारी म्हणायचे. मग ते उंच चाकाचं भूत, ज्यावरून पडलं की माणूस तोंडावरच पडणार. मग चेन आली, चेनने मागचं चाक फिरायला लागलं आणि दोन्ही चाकं सारखी झाली. हवेचा टायर तर जनावरांच्या एका डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी बनवला होता. शेवटी फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरत राहील अशी सोय. तिथून पुढे माझ्या दारातली काळी सायकल.

हा तक्ता मला पाठ होता. गिऱ्हाईक रेंगाळलं की मी त्याला वाचून दाखवायचो. पण त्यातल्या एका ओळीने माझा घात केला. पहिल्या चित्राखाली लिहिलं होतं की, ही लाकडी गाडी बनवणारा माणूस जर्मनीतला जंगलखात्याचा अधिकारी होता.

जंगलखात्याचा! ज्याच्या दुकानापासून पाच कोसांवर जंगल सुरू होतं, त्या माणसाला ही ओळ वाचून काय वाटेल? आमच्या या सागवानासाठी गोरे साहेब आले, राहिले, बंगले बांधून गेले. मला नेहमी वाटायचं, त्यांच्यातल्या एखाद्याने जर्मन साहेबाची गाडी इकडे आणली असेल तर? एखाद्या बंगल्यामागे ती पडून असेल तर? पुण्यातल्या सायकल दुकानदाराला असला विचार सुचला नसता. मला सुचला, आणि वर्षानुवर्षं डोक्यात मुरत राहिला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. कुरखेड्याच्या पुढे जंगलातल्या एका गावाला आठवडी बाजार भरायचा. दुकानात मंदी असली की मी हत्यारं आणि दोन-तीन दुरुस्त केलेल्या जुन्या सायकली टेम्पोत टाकून तिकडे जायचो. नवं धान नुकतंच कापून झालं होतं. मी एक चाक सरळ करत बसलो होतो, तेवढ्यात समोरून ती आली.

माझ्या हातातून पाना पडला. तक्त्यावरचं पहिलं चित्र रस्त्यावरून चालत येत होतं.

साठीच्या आसपासची एक बाई त्यावर बसली होती. पाय ताठ, गुडघ्यात न वाकणारे. एक टाच टेकवायची, ढकलायची, मग दुसरी. लाकडाचीच दोन चाकं, फळ्या जोडून गोल केलेली, वरून ट्रकच्या रबराची पट्टी ठोकलेली. बसायला बाजेसारखी सुतळीने विणलेली बैठक. वळवायचा दांडा म्हणजे एकच वाकडी फांदी, हातात धरून धरून काळी गुळगुळीत झालेली. पुढे एक खुंटी आणि खुंटीला टोपली. शेजारून तिचा नवरा चालत होता, खांद्यावर टॉवेल, हातात काही नाही. बाजारातलं कुणीही वळून पाहत नव्हतं. 

आता माझा धंद्याचा कायदा सांगतो. जो माल हवा असेल त्याच्याकडे बघायचं नाही. आणि तो कुठून आला, कुणी केला, कशाला केला, हे कधीही विचारायचं नाही. विचारलं की समोरचा सावध होतो. हा कायदा पाळून मी दुकान उभं केलं. त्या दिवशीही पाळला. एक प्रश्न विचारला असता तर ही सगळी गोष्ट झालीच नसती.

मी मान खाली घालूनच म्हणालो, "भाऊ, हे काय लाकूड घेऊन फिरून राह्यले? बाईले त्रास होत असन."

"काऊन होईन?" म्हातारा म्हणाला. "मजेत हाय ते."

"मजेत! चाकं पाहा ना. बैलबंडीलेही लाज येईन." मी माझ्याकडची एक काळी सायकल पुढे ओढली. कॅरिअर भक्कम, मागे बसायला गादी. "हे पाहा. बाईले मांगं बसवा अन् जा कुठी जायचं तिकडे. ते लाकूड मले द्या, दुकानात शेगडीले कामी येईन."

बाई गोंडीत काहीतरी बोलली आणि हसली. म्हाताराही हसला.

"काय म्हणते बाई?"

"म्हणते, या सेठले जळाऊ लाकूड लई महाग पडून राह्यलं. सायकल देते त्याच्यासाठी."

 मी कॅरिअरवर हात आपटून म्हणालो, "नाई पाहिजे तर नाई सांगा. माह्याजवळ टाईम नाई."

दोघं बाजूला जाऊन बोलले. मग म्हातारा सायकलभोवती फिरला, चेन ओढून पाहिली, घंटी वाजवली. बाईला घंटी आवडली. तिने ती तीनदा वाजवली. मग म्हातारा म्हणाला, "बरं. पंडुमपर्यंत ठेव."

पंडुम म्हणजे सण. नव्या धानाचा सण नुकताच झाला होता, पुढचा वर्षावर होता, एवढं मला माहीत होतं. पण सौदा जुळला की शेवटची वाक्यं ऐकायची नसतात, माल उचलायचा असतो. हाही माझाच कायदा. मी "हो, हो" म्हणालो आणि ती लाकडी गाडी टेम्पोत चढवली. बाईने खुंटीवरची टोपली काढून घेतली आणि दांड्यावरून हात फिरवला. मला ते दिसलं. निघताना मी मनात म्हणालो, जंगलातल्या माणसाला वस्तूची किंमत कळत नाही.

चौथ्या दिवशी मी ती घेऊन नागपूरला गेलो. ज्याच्याकडे गेलो त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. तो वाचेल तेव्हा त्याला कळेल. घरभर पितळ, घड्याळं, दिवे, जुन्या बंदुका. बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याला आपलेच शब्द रांगडे वाटावेत. मी त्याला तक्त्याची सगळी गोष्ट सांगितली. जर्मन अधिकारी, गोरे साहेब, सागवान, बंगला. बोलताना माझा आवाज कापत होता, आणि ते मलाच ऐकू येत होतं. आपल्या मालाबद्दल मी इतकं कधी बोललो नव्हतो.

त्याने वाकून चाकावर टिचकी मारली. रबराखाली नख घातलं. आसाला लावलेलं तेल बोटावर घेऊन हुंगलं.

"मोहाच्या बियांचं तेल," तो म्हणाला. "आणि हे खिळे बघा, बाजारातले आहेत. हे इथल्याच कुणीतरी बनवलंय हो. दहा-बारा वर्षांपलीकडचं नाही. तुम्ही फार लांबून आलात, वाईट वाटतं."

 नजरेसमोर खिळा होता, आणि तो आमच्या आरमोरीच्या दुकानातही मिळतो तसाच होता. मी सायकलीचा माणूस! मी तो खिळा पाहिला नव्हता. मला माझाच इतका राग आला की त्या माणसाचा चेहरा पाहायचं मी विसरलो.

"आता हे परत कुठे नेणार?" तो म्हणाला. "ठेवून जा. आणि रिकाम्या हाताने नका जाऊ, ते भिंतीवरचं घड्याळ न्या."

शेगडीचं लाकूड म्हणून मी जे घेतलं, तेच त्याने टाकाऊ म्हणून माझ्याकडून घेतलं. तीच चाल, तोच सूर, आणि मी ओळखला नाही. घड्याळ काखेत मारून एसटीत बसलो. ते घड्याळ दुकानात चार महिने चाललं आणि बंद पडलं.

एक वर्ष गेलं. नवं धान घराघरांत आलं. एका सकाळी दुकान उघडत होतो, तर दारात तो म्हातारा उभा. हातात माझी काळी सायकल. पायाला मांड्यांपर्यंत धूळ.

"या, या," मी म्हणालो. "काय बिघडलं?"

"काई नाई. पाह्य तू."

मी पाहिलं. चेन रॉकेलने धुऊन नुकतंच तेल दिलेलं. मडगार्डची एक सळई तुटली होती, तिच्या जागी बारीक लाकडी काडी इतकी नेमकी बसवलेली की मी हात लावून खात्री केली. गादी नव्या सुतळीने शिवलेली. रिंगा पुसून चकचकीत.

"ही तर नव्यासारखी ठेवली, भाऊ. बसून काऊन नाई आले?"

"वापस कराले नेताना बसत नाई. दोन दिवस झाले, पायी आणली." त्याने सायकल स्टँडवर लावली, टॉवेलने सीट पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आता आमची दे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली.

"आमची म्हणजे? सौदा झाला होता! सगळ्या बाजारासमोर झाला होता!"

"झाला होता ना," तो शांतपणे म्हणाला. "पंडुमपर्यंत. तू हो म्हणला."

मग त्याने दुकानाच्या पायरीवर बसून मला सांगितलं, जसं एखाद्या बाहेरगावच्या पोराला सांगावं तसं. त्यांच्या पाच-सात घरांत ही रीत होती. नव्या धानाच्या सणाला एकाची कुऱ्हाड दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं उखळ तिसऱ्याकडे जायचं. वर्षभर वापरायचं, मोडलं तर नीट करायचं, आणि पुढच्या सणाला धुऊन परत द्यायचं. एका घरात वस्तू पडून राहिली की घरच्यांना तिची खोड दिसत नाही, दुसऱ्याच्या हातात गेली की दिसते, असं त्याचं म्हणणं. मला ती लाकडी गाडी आवडली हे त्यांनी ओळखलं होतं. मी मान खाली घालून बसलो होतो तरी! सेठ सायकलीचा जाणकार आहे, वर्षभर आपली गाडी बघेल, काहीतरी सुधारून देईल, असं बाईच म्हणाली होती.

"कुणी बनवली होती ते?" मी विचारलं. एक वर्ष उशिरा विचारलं.

"मीच. हिचे गुडघे गेले तवा. आधी लोखंडाची सायकल आणली एक जुनी. पण पायडल कसे मारन? गुडघे वाकत नाई. म्हणून पायडल काढले. मंग चेन काऊन पाहिजे? चेन काढली. तरी ते जड, अन् सीट उंच, तिचे पाय टेकत नाई. मंग म्हटलं, लोखंडच काऊन पाहिजे? लाकडाचं करू, तिच्या मापानं."

मी गल्ल्यामागच्या तक्त्याकडे पाहिलं. आयुष्यभर तो डावीकडून उजवीकडे वाचत आलो होतो. दोनशे वर्षांत जगाने एकेक वस्तू लावत नेली होती. या माणसाने आपल्या बायकोचे पाय समोर ठेवून त्या एकेक करून काढल्या, आणि उलट्या दिशेने चालत बरोबर पहिल्या चित्रापाशी पोहोचला. त्याने तो तक्ता कधी पाहिला नव्हता. मी त्याला दाखवला. तो पहिल्या चित्राजवळ नाक नेऊन बराच वेळ उभा राहिला. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला दिसत होता.

"याच्याही बायकोचे गुडघे गेले होते का?" त्याने विचारलं.

 "बाई कशा आहेत?" मी म्हणालो.

"वर्षभर मांगं बसवून फिरवलं. मी संगं असलो तर ठीक. मी नसलो तर ते अंगणातच. मोह येचाले यंदा गेलीच नाई." मग म्हणाला, "आण ना. मले वापस जायचं हाय."

मी त्याला आठ दिवसांनी गाडी गावात आणून देतो असं सांगितलं, काळी सायकल जबरदस्तीने परत दिली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नागपूर गाठलं. जाणकाराने मला ओळखलं, बसवलं, चहा दिला.

"ते होय? अहो, वाळवी लागली होती. पावसाळ्यातच जाळून टाकलं."

मी ओरडलो. त्याच्या घरात उभा राहून त्याला नको नको ते बोललो. तो शांत. "तुम्हीच सोडून गेलात ना?" एवढंच म्हणाला. ते खरंच होतं. पुन्हा खरंच.

मग मी जे करायचं ते केलं. आरमोरीच्या सुताराला गाठून लाकडी गाडी करायला घेतली. ती इतकी जड झाली की मलाच ढकलता येईना. म्हाताऱ्याला मोतीबिंदूमुळे लाकूड तासायचा वासला धरता येत नव्हता, आणि सागवानाला हात लावला तर जंगलखात्याची केस. शेवटी लेडीज सायकलची छोटी फ्रेम घेतली, पायडल काढले, चेन काढली, सीट खाली आणली, पुढे टोपलीसाठी हूक जोडला. माझ्या हाताने इतकं चांगलं काम क्वचित झालं असेल. ती घेऊन गावात गेलो.

बाई अंगणात बसली होती. मी आणि म्हाताऱ्याने तिला वर बसवलं. तिने टाचेने एकदा ढकललं आणि हवेच्या टायरवर ती गाडी अशी सुटली की कुडाच्या भिंतीला जाऊन आदळली. मी धावलो. बाई पडली नव्हती, पण तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मग मला बघून हसली.

"हे धावते," ती म्हणाली. "माही चालत होती."

मी ब्रेक दाखवले. तिची बोटं तिथवर पोहोचेनात. टायरमधली हवा कमी करून दिली, तेव्हा ढकलायला जड झाली. तिने माझं मन राखायला अंगणात दोन फेऱ्या मारल्या. गाडी जळाली हे मी दोघांना तिथंच सांगितलं. मला वाटलं होतं म्हातारा अंगावर येईल. तो नव्या गाडीचा हूक हलवून पाहत राहिला. बाई म्हणाली, "जळाऊ लाकूडच म्हणला होता ना तू." त्यात टोमणा होता की नाही, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

पुढे पाच-सहा वर्षांत आमच्याकडेही मोपेड, मोटरसायकली आल्या. माझ्या दारातल्या काळ्या सायकली कमी झाल्या, पोरांच्या रंगीत सायकली आल्या. अशाच एका वर्षी दुकानदारांच्या बैठकीसाठी नागपूरला गेलो असताना कुणीतरी म्हणालं, शेजारच्या हॉलमध्ये जुन्या सायकलींचं प्रदर्शन आहे. मी गेलो. मला तर ते पाहायलाच हवं होतं.

दारातून आत गेल्यावर पहिल्याच काचेच्या पेटीत ती होती.

मी तिथंच उभा राहिलो. मागच्या माणसाने मला धक्का दिला तेव्हा भानावर आलो. पॉलिश केलं होतं. रबराची पट्टी काढून चाकांवर बैलगाडीसारखी लोखंडी धाव ठोकली होती. सुतळीच्या जागी चामड्याची बैठक. बाजारचे खिळे जाऊन जाड, गंजके खिळे आले होते. पण ती वाकडी फांदी तीच. ती काळी गुळगुळीत पकड तीच, जिच्यावरून त्या बाईने शेवटचा हात फिरवला होता.

खाली पाटी होती. युरोपात बनलेली, पायडलपूर्व काळातील अस्सल लाकडी सायकल. इंग्रज वनाधिकाऱ्याने चांद्याच्या सागवान जंगलात आणलेली. वनविश्रामगृहाच्या मागे सापडली. आणि त्याखाली संग्राहकाचं नाव.

ही गोष्ट मी ओळखली. शब्दनशब्द माझी होती. त्याच्या दिवाणखान्यात कापऱ्या आवाजात मीच ती सांगितली होती. मला त्याने खरं सांगून गाडी काढून घेतली, आणि जगाला माझं खोटं सांगून ती काचेत ठेवली. पाटीच्या शेवटी तर असं लिहिलं होतं की, समोरील खुंटी साहेबाची हॅट अडकवण्यासाठी आहे.

"ती टोपलीची खुंटी हाय!" मी ओरडलो. "मोह येचायच्या टोपलीची!"

लोक वळले. गणवेशातला एक माणूस आला. म्हणाला, "काका, हळू बोला."

"ही युरोपची नाही. कुरखेड्याच्या पुढे बनली. बनवणारा माणूस मला ठाऊक आहे."

"तुमच्याकडे काही पुरावा?"

माझ्याकडे काय होतं? एक बंद पडलेलं घड्याळ. मी म्हणालो, "आसाला हुंगून पाहा, मोहाचं तेल येईल." कुणीतरी हसलं. तेवढ्यात तो स्वतः आला, तसाच गोड, थोडा म्हातारा झालेला. माझ्याकडे त्याने नीट पाहिलं. त्याने ओळखलं, मी कसम खाऊन सांगतो, त्याच्या डोळ्यांत ते मला दिसलं.

"या गृहस्थांची आणि माझी ओळख नाही," तो म्हणाला.

मी काचेवर हात मारला. काच फुटली नाही. दोघांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. साठीला आलेला, स्वतःच्या हिमतीवर दुकान उभं केलेला मी माणूस, रस्त्यावर उभा होतो.

तिथून मी घरी गेलो नाही, गावात गेलो. म्हातारा आदल्या पावसाळ्यात गेला होता, हे मला तिथं कळलं. बाई अंगणात होती. माझी लेडीज सायकल कुडाला टेकून उभी होती आणि कोंबड्या तिच्या दांड्यावर बसत असाव्यात, असं तिच्याकडे पाहून दिसत होतं. काळी सायकल दर सणाला वेगवेगळ्या घरी जाऊन परत यायची. त्या वर्षी ती शेजाऱ्यांकडे होती.

मी तिला सगळं सांगितलं. गाडी जळाली नाही, काचेत आहे. लोक तिकीट काढून पाहतात.

 ती म्हणाली, "तिथी कोणी बसते का तिच्यावर?"

"नाई, बाई. हात लावू देत नाई."

"कोणाचे गुडघे गेले तिथी?"

"कोणाचेच नाई."

"मंग काऊन ठेवली?" तिने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं. "अन् याच्या नावाची पाटी हाय का?" तिने हाताने रिकाम्या बाजेकडे दाखवलं, जिथं म्हातारा बसायचा.

"नाई."

"कोणाची हाय?"

मी सांगितलं. ती दोन्ही हातांनी आपले गुडघे चोळत राहिली. मी तिथून उठलो तेव्हा ती मला म्हणाली, "पंडुम किती झाले, सेठ? कोणी तरी तर वापस आणून द्याले पाहिजे होती."

त्या ‘कोणी तरी’तला पहिला मी आहे. विचारायचं ते मी विचारलं नाही, ऐकायचं ते ऐकलं नाही, आणि जे माझं नव्हतं ते एका घड्याळावर सोडून आलो. हे मी तिच्या अंगणात, तिच्या शेजाऱ्यांसमोर बोललो आहे आणि इथं लिहूनही देतो. आता उरला दुसरा. त्याला ती कुणी बनवली ते हुंगून कळलं होतं, तरी त्याने पाटीवर युरोप लिहिलं. त्याने मला उत्तर देऊ नये, मला त्याची गरज नाही. पाटी लिहिणाऱ्यांनी ती पाटी उतरवावी, काच उघडावी, आणि त्या माणसाने गाडी रबराची पट्टी लावून, सुतळी विणून, धुऊन, नव्या धानाच्या सणाला त्या अंगणात स्वतः ढकलत आणावी. ढकलतच, बसून नाही. आणि बाईने जे मला विचारलं त्याचं उत्तर तिच्यासमोर उभं राहून द्यावं: ज्या गाडीवर कुणी बसत नाही ती त्याने काऊन ठेवली? रस्ता मी दाखवतो. त्याने कोणत्या वर्षी येणार तेवढं सांगावं, कारण त्या बाईकडे फार सण उरलेले नाहीत.